चिरेबंदी नव्हे, लाकडी

मराठी साहित्यात वाडा आला की तो बहुधा चिरेबंदी असतो. एलकुंचवारांच्या नाटकाने तर हे विशेषण वाड्याला कायमचे जोडून दिले. नाटकाचा त्यात दोष नाही, ते वऱ्हाडातले. पण पुण्याच्या पेठांतून हिंडताना आम्हांस वाटते, या शब्दाने आपली थोडी दिशाभूलच केली आहे. येथे चिरे असतात ते जोत्याला, फार तर तळमजल्याच्या दर्शनी भिंतीला. वाडा उभा असतो लाकडावर : दगडी उथळ्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कडीपाट. विटामातीच्या भिंती या सांगाड्याच्या आधाराने राहतात. शनिवारवाड्याने याचा पुरावाच ठेवला आहे. १८२८च्या आगीनंतर तट आणि जोती उरली, महाल गेले. म्हणजे चिरे राहिले आणि वाडा गेला!

दोन तुळयांमधले अंतर तो खण, आणि घराचे माप खणांत. 'पाच खणी माडी' वाचून विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे चोळीचा खण येतो. त्यास हसण्यात अर्थ नाही. त्याने तो खण पाहिलाच कोठे?

लाकडी सांगाड्याचा मोठा गुण असा की तो तुकड्यातुकड्याने दुरुस्त होतो. भिंतीत गेलेले तुळईचे टोक ओल धरते, तेच आधी कुजते. टेकू देऊन तेवढे बदलता येते. पण त्यासाठी छप्पर वेळेवर शाकारावे लागते. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकरूस दुसरे घर परवडेना, आणि पाऊस दरसाल येत राहिला. 'वाडासंस्कृती'वर हळवे ललित लिहिणारे आम्ही बहुतेक तोवर फ्लॅटांत गेलो होतो. आमच्या लेखांत तुळशीवृंदावन आले, कुजलेली तुळई आली नाही.

ज्या भिडेवाड्यात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तो वर्षानुवर्षे वादात जीर्ण होत राहिला आणि २०२३च्या डिसेंबरात पाडला गेला. तेथे स्मारक व्हावेच. पण ज्या जिन्याने त्या मुली चढल्या असतील, तो स्मारकात कोठून आणणार?

विश्रामबागवाडा १८७९च्या आगीत होरपळूनही, पुन्हा बांधला गेल्याने, आज उभा आहे. वाड्यावरील कोणतीही कलाकृती शिकवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना तेथे न्यावे, असे आम्ही ठरवले आहे. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब ते पाहतीलच. त्यांनी आधी खण मोजावेत.