गाठ टाळेबंदी पाळत नाही



२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली. प्रवासी गाड्या थांबल्या. पण मालगाड्या आम्ही चालविल्या, टपालाच्या थैल्याही आम्हीच पोहोचविल्या. कारण ते काम अत्यावश्यक ठरले होते. कर्करोगाच्या तपासणीला मात्र ‘नंतर पाहू’ असे उत्तर मिळाले.

परिणाम काय झाला? नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या ४१ केंद्रांचा हिशेब बोलका आहे. २०१९ च्या तुलनेत मार्च ते मे २०२० मध्ये नव्या रुग्णांची नोंद ५४ टक्क्यांनी घटली. मग रोग घटला काय? मुळीच नाही! रोगी सापडायचे राहिले. तोंडातला चट्टा, स्तनातली गाठ टाळेबंदी पाळत नाही. उशिरा सापडलेल्या रोगाची किंमत मोजतो तो कामगार आणि त्याचे कुटुंब.

साथ आवरणे गरजेचे होते, हे आम्हास मान्य आहे. पण मालगाडीसाठी मार्ग निघतो, तर बायोप्सीसाठी का निघू नये?

आमची मागणी स्पष्ट आहे: निदान-तपासण्या अत्यावश्यक सेवा ठरवा, रेल्वे रुग्णालयांत साथीच्या कक्षापासून वेगळा तपासणी विभाग राखा, तपासणीसाठी पगारी रजा द्या.

प्रत्येक शाखेने तसा ठराव करून प्रशासनाकडे पाठवावा. पुढची साथ येईपर्यंत थांबू नका!