पहिले पुस्तक मिटल्यानंतर

२०१८ सालच्या एका सकाळी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगी चेटकीण झाली रे!" एवढे बोलून ती रडू लागली. पोरगी म्हणजे माझी भाची. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला असते, एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. वर्षभरापूर्वीच तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, गेले होते. आता कन्येने 'मी विक्कन आहे' असे आईला कळवले होते. आईने शेजारच्या मुलाकडून त्या शब्दाचा अर्थ काढून घेतला आणि मग मला फोन केला.

मी इतिहासाचा मास्तर. एकतीस वर्षे शाळेत शिकवले. विवेकवादी चळवळीच्या सभांमध्ये सतरंज्या उचलण्यापासून भाषणे करण्यापर्यंत सगळे केलेले. 'चेटकीण' हा शब्द मला कधीच गंमतीचा वाटला नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या डोंगराळ भागात, 'डाकीण' ठरवलेल्या बाईचे काय होते हे ज्याने ऐकले आहे, त्याला तो तसा वाटूही नये. गावात मूल आजारी पडले, गुरे दगावली की बोट एका बाईकडे जाते. बहुधा ती एकटी असते, किंवा तिच्या नावावर थोडी जमीन असते. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. अशा शब्दाची माळ आमच्या घरातली शिकलीसवरलेली मुलगी आपणहून गळ्यात घालते, हे मला पटेना.

२०१९ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो तो वाद घालायच्या तयारीनेच. तिच्या खोलीत एक फळी होती. तीवर काळ्या मुठीची सुरी, पितळी पेला, चांदणीची तबकडी, रंगीत मेणबत्त्या, स्फटिक, वाळलेल्या पानांच्या बरण्या आणि सात-आठ पुस्तके. सगळी पुस्तके 'पहिली पावले' शिकवणारी. एकात जे होते तेच दुसऱ्यात, फक्त मुखपृष्ठ वेगळे. ती मोठ्या उत्साहाने सांगू लागली, "मामा, हा अश्मयुगापासूनचा धर्म आहे. चर्चने नव्वद लाख बायका जाळल्या, तरी हा टिकला."

मी तिला पुरते वाक्यही संपवू दिले नाही. नव्वद लाख हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाच्या हिशेबातून आला. आज इतिहासकार साऱ्या युरोपात मिळून चाळीस ते साठ हजार देहदंड मानतात, आणि त्यात पुरुषही होते. इंग्लंडात तर चेटकिणींना जाळत नसत, फाशी देत. १६१२ साली लँकेशरमधल्या पेंडल खटल्यात दहा जण फासावर गेले. ही माणसे कुठल्या गुप्त धर्माची नव्हती, गोरगरीब ख्रिस्ती होती. 'गुप्त धर्मा'ची कल्पना लोकप्रिय केली ती मार्गारेट मरे या विदुषीने १९२१ च्या आपल्या पुस्तकात. बाईंचा जन्म कलकत्त्याचा, अभ्यास इजिप्तचा. चेटकिणींबद्दलचा त्यांचा सिद्धान्त पुढे इतिहासकारांनी साफ फेटाळला. आणि विक्का? तो जगापुढे आणला जेराल्ड गार्डनर या गृहस्थाने. तरुणपणी सिलोनात चहाच्या मळ्यावर, पुढे मलायात कस्टम्स खात्यात नोकरी, १९३६ साली निवृत्ती. १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरचे पुस्तक बाजारात आले. प्रस्तावना कोणाची? त्याच मार्गारेट मरेंची! "तुझा अश्मयुगीन धर्म माझ्या थोरल्या भावाच्या वयाचा आहे," असे मी विजयी मुद्रेने म्हणालो.

ती उठून गेली. मी जिंकलो होतो. त्यानंतर दोन वर्षे ती माझ्याशी बोलली नाही.

पुढे साथीच्या काळात फोन सुरू झाले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मी पुन्हा ब्रिस्टलला गेलो. फळी होती, पण जवळजवळ रिकामी. पेला होता, एक साधी मेणबत्ती होती. पुस्तकांच्या जागी जाड वह्यांची चळत. मी मनातल्या मनात म्हटले, चला, खूळ उतरले. तोच तिने माझ्यापुढे एक पुस्तक ठेवले. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली आधुनिक विक्काचा इतिहास लिहिला, तो ग्रंथ. मी जे जे बोललो होतो ते त्यात होते, आणि माझ्याहून कितीतरी सविस्तर. समासात हिच्या पेन्सिलीच्या खुणा.

"मामा, तू सांगितलेलं सगळं खरं निघालं. हे वाचल्यावर मी आठ महिने काहीच केलं नाही. पण तू एक प्रश्न विचारला नव्हतास."

"कोणता?"

"हे सगळं कळल्यावर आता तू काय करणार?"

मला वाटते, त्या पंथातल्या नवशिक्या माणसाची सीमा नेमकी इथे आहे. सुरुवात करणे आता फार सोपे झाले आहे. गार्डनरच्या परंपरेत तसे नव्हते. तिथे एका मंडळाने तुम्हाला स्वीकारावे लागते, बहुधा वर्ष आणि एक दिवस उमेदवारी करावी लागते, आणि मग एकामागून एक तीन दीक्षा. दुसरीनंतर शिकवण्याचा अधिकार, तिसरीनंतर स्वतःचे मंडळ. १९८८ साली अमेरिकेत स्कॉट कनिंगहॅम याचे एकट्याने साधना करणाऱ्यांसाठीचे पुस्तक आले आणि कोणालाही घरबसल्या आपले आपण दीक्षित होता येऊ लागले. दार उघडले ते बरेच झाले. पण उंबरठ्यावरच गर्दी साचली. प्रकाशकांना पहिल्या पुस्तकाचे गिऱ्हाईक हवे असते, कारण दुसऱ्या टप्प्यावरचा माणूस फारसे काही विकत घेत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे तेरा हजार लोकांनी आपला धर्म विक्का असा लिहिला. दुकानांतली पुस्तके आणि स्फटिकांचे ढीग पाहता हा आकडा किती लहान वाटतो!

पुढे गेलेल्यांपैकी मला सर्वांत थोर वाटल्या त्या डोरीन व्हॅलिएन्टे. १९५३ साली गार्डनरने त्यांना दीक्षा दिली. मंडळाचे प्राचीन म्हणून सांगितलेले विधी वाचताच या वाचकबाईने ओळखले, की यातला बराच मजकूर ॲलेस्टर क्राउली या मांत्रिकाच्या पुस्तकांतून उचललेला आहे. तसे तिने गुरूच्या तोंडावर सांगितले. दुसरी कोणी असती तर एकतर गप्प बसली असती किंवा घरी गेली असती. व्हॅलिएन्टेंनी ते विधी नव्याने लिहून काढले. आज जगभर म्हटली जाणारी देवीची गद्य आज्ञा त्यांच्या हातची आहे. १९५७ साली, गार्डनरच्या प्रसिद्धीच्या हौसेवरून आणि अचानक उपटलेल्या 'प्राचीन नियमां'वरून, त्या मंडळातून बाहेर पडल्या. पण साधना सोडली नाही, आणि इतिहासाचा शोधही सोडला नाही. १९८० च्या दशकात, साठीच्या घरात असताना, गार्डनरच्या गोष्टीतली डोरोथी नावाची बाई खरोखर होती का, हे त्या सरकारी दप्तरांतून शोधत होत्या. १९८९ साली त्यांनी ही सगळी हकीकत पुस्तकात मांडली, स्वतःच्या चुकांसह. १९९९ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या शेचाळीस वर्षांच्या वाटचालीत मला दिसते ते एवढेच, की श्रद्धा आणि तपासणी या दोघी एकाच घरात नांदू शकतात. मात्र रोज थोडे भांडण होणार.

भाचीच्या वह्यांत हेच भांडण होते. प्रत्येक पौर्णिमेची नोंद: काय केले, काय मागितले, काय झाले. 'काही झाले नाही' अशा नोंदी मी मोजू लागलो आणि सोडून दिले, इतक्या होत्या. तिने त्या खोडल्या नव्हत्या. विक्कातले आठ सण एका चक्रात बसवले गेले ते १९५० च्या दशकात, हेही तिला ठाऊक होते. म्हणून ती आता पुस्तकातल्या तारखेपेक्षा घरामागच्या टेकडीकडे पाहते. कुठले झुडूप कधी फुलले, पहिले दहिवर कधी पडले, हे लिहिते. मला तिने फॉक्सग्लोव्हची झाडे दाखवली. याच झाडाचे हृदयविकारातले गुण विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ साली प्रसिद्ध केले. त्याला त्याचा मागोवा लागला तो श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या काढ्यावरून. आणि याच झाडाची पाने चुकीने पोटात गेली तर माणूस मरतो. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी मी पुस्तक बघून काढे करत होते, मामा. आता नुसती झाडं ओळखते. ओळखायला लागल्यापासून भीती वाटते." ही भीती मला शहाणपणाची वाटली.

तिच्या एका मैत्रिणीचा नवरा घर सोडून गेला. मैत्रिणीने हिच्याकडे तो परत यावा म्हणून मंत्र मागितला. पहिल्या वर्षीच्या भाचीने लाल मेणबत्ती लावली असती. आताची म्हणाली, दुसऱ्याच्या मनाला दोरी बांधायची नाही. आणि ती मैत्रिणीबरोबर वकिलाकडे गेली, चार रात्री तिच्या घरी झोपली. एका मंडळातूनही ती बाहेर पडली होती. तिथले गुरुजी 'वरची दीक्षा' देण्यासाठी पैसे मागू लागले होते. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेचे मोल घेत नाहीत, एवढा अभ्यास तिचा झाला होता.

म्हणजे मी विक्काचा पुरस्कर्ता झालो काय? नाही. पौर्णिमेला मागितलेले मिळते यावर माझा तिळमात्र विश्वास नाही, आणि ते मी तिला सांगितले. ती हसली. पण मला माझीच थोडी लाज वाटली. मुंजीत शिकलेली संध्या मी पंधराव्या वर्षी सोडली. गणपती मात्र दरवर्षी बसवतो. प्राणप्रतिष्ठेच्या मंत्रांचा अर्थ साठ वर्षांत एकदाही कोणाला विचारला नाही. विश्वास नाही, आणि तपासणीही नाही. मी श्रद्धेतही नवशिका राहिलो आणि नाकारण्यातही, कारण माझे नाकारणेसुद्धा पहिल्या पुस्तकावरच थांबले होते.

शब्दाबद्दल मात्र मी हटलो नाही. "विच म्हण, विक्कन म्हण," मी म्हटले, "पण आईशी बोलताना चेटकीण म्हणू नकोस. तुला तो शब्द निवडता येतो. सातपुड्यातल्या बाईवर तो लादला जातो." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं." तिने वही काढून ते लिहून घेतले.

एकतीस ऑक्टोबरच्या रात्री त्यांचा सॅव्हिन हा सण असतो. गेलेल्यांची आठवण करायची. तिने टेबलावर तीन पाने मांडली. तिसऱ्यावर पिठले, भाकरी आणि लसणाची चटणी. मेहुण्यांचे आवडते जेवण. भाकरी जरा जाडच झाली होती. ती वडिलांशी मराठीत बोलली, फार नाही, दोन-तीन मिनिटे. इस्पितळातले सांगितले, आईची तब्येत सांगितली. मग आम्ही जेवलो. सर्वपित्रीला आमच्या घरी याहून वेगळे काय होते, हे मला सांगता येणार नाही.

परतल्यावर बहिणीने पहिला प्रश्न विचारला, "सोडलं का तिने ते?"

"नाही," मी म्हटले. "पण खरेदी थांबली आहे. आणि तिने तुझी तब्येत बापाला सांगितली."

बहीण बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "भाकरी जमली का तिला?"