मुक्काम पोस्ट कुठलं?

होस्टेलचा फॉर्म भरताना 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी पेन थोडं अडतंच ना? वर्षातले दहा महिने आपण चंद्रपुरात मेसच्या पोळ्या खातो, पत्ता मात्र गडचिरोलीतल्या गावाचा. मग आपलं मुख्य घर कोणतं?

ग्रामपंचायतीला हा प्रश्न पडत नाही. नमुना ८ मध्ये मालक कोण आणि भोगवटा कोणाचा, एवढंच लिहितात. घरपट्टी घरावर बसते, माणसावर नाही. आमच्या मोठ्या काकांचं गावचं घर ते नागपूरला गेल्यापासून कुलूपबंद आहे. पावती दरवर्षी त्यांच्याच नावाने फाटते.

पुण्यात मात्र महापालिका विचारते. स्वतः राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे (मधे बंद पडली होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली). त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून तिथेच राहतो हे कागदांनी दाखवायचं. नाही जमलं तर कर जास्त भरावा लागेल, बस.

आपल्या जंगलपट्ट्यात मात्र पणाला लागते ती जमीन! २००६ च्या वनहक्क कायद्यात 'मुख्यतः वनात राहणारे' अशी अट आहे. आदिवासी नसलेल्यांना तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. आणि २००८ च्या नियमांतल्या पुराव्यांच्या यादीत घरपट्टीची पावतीही आहे. म्हणजे भिंतींसाठी फाडलेली पावती माणसाची साक्ष देणार! हे वजनकाट्याने उंची मोजण्यासारखं झालं. गाव सोडून गेलेल्याकडे पावती असू शकते, आणि कुडाच्या घरात जन्म काढलेल्या आजीकडे नसू शकते.

गंमत म्हणजे उपाय त्याच नियमांत आहे. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही पुरावाच. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेकडे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तोही ग्रामसभेच्याच जोरावर. कोण कुठे राहतो हे शेजाऱ्याइतकं कोणाला माहीत असणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पावतीला पुरावा जरूर माना, पण तिच्यावाचून कोणाला अडवू नका. आणि मित्रांनो, दिवाळीत गावी गेलात की तासभर म्हाताऱ्यांजवळ बसा. ते सांगतील ते लिहून काढा, सही-अंगठा घ्या. सबमिशनसाठी इतकी पानं खरडतो आपण, दोन पानं गावासाठीही लिहू!