पुढच्या वर्षी आजोबा येतील?

अनंत चतुर्दशीला बाप्पाला पुढच्या वर्षीचं आवताण देऊन आपण घरी परततो आणि लगेच पितृपक्ष लागतो. चार-पाच वर्षांचं मूल दोन्ही पाहतं आणि विचारतं : बाप्पा परत येतात, मग देवाघरी गेलेले आजोबा का नाही येत? घासाला शिवणारा कावळा म्हणजे आजोबाच का? मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी १९४८ साली हंगेरीतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मृत्यू म्हणजे दूर जाणं किंवा झोप वाटत होती. म्हणून ‘आजोबा झोपलेत’ हे आपलं ठेवणीतलं उत्तर आम्हाला धोक्याचं वाटतं. एखादं मूल त्यापायी रात्री डोळे मिटायलाच घाबरतं.

हा अंक अशाच प्रश्नांचा. आस्तिक घरं, नास्तिक घरं आणि दोघांनी मिळून थाटलेले संसार (ते बरेच आहेत!) इथे भेटतील. कुणाची श्रद्धा पटवायची नाही, खोडायचीही नाही. ‘मी असं मानते, आत्या तसं मानत नाही’ हे मुलासमोर मोकळेपणाने कसं बोलावं, यावर आमचा भर आहे. वर्गमैत्रिणीच्या घरी रोजे का असतात, हेही त्यातच आलं.

तुमच्या घरी कोणता प्रश्न अडलाय? उत्तर सापडलं नसेल तरी चालेल, प्रश्न तेवढा जरूर कळवा.