एका आयुष्याचीं गाणीं, एका संग्रहांत

अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं १९७३ सालीं निघालेल्या 'डीव्हो' नांवाच्या वाद्यवृंदानें २०२३ मध्यें आपल्या पन्नास वर्षांच्या कारकीर्दींतील पन्नास गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. यांच्या संगीतप्रकारास तिकडे 'न्यू वेव्ह' म्हणतात. १९८० च्या 'व्हिप इट' या गाण्यानें त्यांस कीर्ति मिळाली. आमच्या एका विद्यार्थ्यानें तो संग्रह मोबाइलवर मला ऐकविला आणि विचारिलें, "सर, यांतलीं मला पांचच आवडलीं. तेवढींच ठेविलीं असतीं तर?"

माझें मत निराळें आहे, आणि तें समजावून देण्यास मी आपल्या घरचेंच उदाहरण घेतों.

बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७), यांचीं पदें ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून पुढें कॅसेटांवर व आतां मोबाइलवर आलीं आहेत. परंतु माझ्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक संग्रहांत 'मानापमान' (१९११) व 'स्वयंवर' (१९१६) यांतील तींच तीं लोकप्रिय पदें असतात. ध्वनिमुद्रण कोणत्या सालचें, तबल्यावर कोण, याचा पत्ता नसतो. ऐकणाऱ्या मुलास वाटतें, हा मनुष्य जन्मभर तरुण भामिनी किंवा रुक्मिणीच होता!

वस्तुस्थिति अशी नव्हती. 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, 'स्वयंवरा'च्या भास्करबुवा बखले यांच्या, तर 'कान्होपात्रा' (१९३१) या नाटकास मास्टर कृष्णराव यांचें संगीत. गुरु बदलला, चाल बदलली, गळाही बदलला. पुढें बोलपट आला. स्त्रीभूमिकांसाठीं नांवाजलेल्या या नटानें 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' (१९३५) मध्यें संत एकनाथ रंगविले. साथीस अहमदजान थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी. तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. रंगभूमीवर 'वन्स मोअर'च्या गजरांत तेंच पद कितीतरी वेळ रंगे, हेंही संग्रहावर कोणी छापीत नाहीं.

पालक म्हणतील, मुलांस वेळ थोडा, त्यांनीं उत्तम तेवढेंच ऐकावें. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. कांहीं संग्रह केवळ गिऱ्हाइकाचा खिसा पाहून फुगविलेले असतात, हेंही मी मान्य करितों. पण आपल्या गांवाच्या नांवांतच कुंभार आहे. बाजारांत पक्कीं भाजलेलीं मडकींच जावींत हें रास्त. परंतु चाकावर बसूं पाहणाऱ्या मुलास आव्यांत तडकलेलीं मडकींही पाहूं द्यावीं लागतात. नुसतीं उत्तम पदें ऐकून गाऊं लागलेला मुलगा पहिल्याच बेसुर तानेस खचतो. असे दोघे-तिघे गुणी विद्यार्थी मीं गाणें सोडतांना पाहिले आहेत. मोठ्या गायकाचा उतारवयांतला थकलेला सूर मीं त्यांस वेळींच ऐकविला नाहीं, याची रुखरुख मला आहे.

तूर्त आमच्या वर्गानें एक वही घातली आहे. प्रत्येक पदापुढें नाटक, साल, चाल देणारा व साथीदार अशीं चार घरें आखलीं आहेत. सालांचीं बरींच घरें रिकामीं आहेत. कोणा पालकांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, तर भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्यांवरील चिठ्ठी आम्हांस एकवार उतरून घेऊं द्यावी.