खुब्यातली कळ

विदर्भात सिकलसेल हा शब्द नवा नाही. पण या आजारात खुब्याचं हाड आतून मरू शकतं, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि मांडीच्या हाडाच्या गोलाला रक्त मिळेनासं होतं. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही. पोर लंगडतंय आणि कागदावर ‘नॉर्मल’! एमआरआयमध्ये मात्र तेव्हाच खूण सापडते, गोल खचण्याआधी. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आता जिल्ह्यातल्या मानोऱ्याचं असो की मालेगावचं, सिकलसेल असलेलं मूल तिथे येऊन खुबा दुखतो म्हणालं, तर डॉक्टरांनी एक्स-रेवर थांबू नये, ही आमची कळकळीची विनंती.