पायीं चालणाराला कोण पुसतो?

रस्त्यावर चार पांढरे पट्टे ओढावयाचे, त्यासाठीं लोकांना विचारीत बसण्याचें प्रयोजन काय, असें मत हल्लीं सुशिक्षित समाजांत वारंवार ऐकूं येतें. रस्ते बांधणारे अभियंते आपलें शास्त्र जाणतात, वाहनांची मोजदाद त्यांजपाशीं असते, आणि लोकांना विचारावें तर जो तो आपल्याच दारासमोर झेब्रा क्रॉसिंग मागेल, असें या मताचें समर्थन करण्यांत येतें. आम्हांस हें मत सर्वस्वीं चुकीचें वाटतें. आणि तें केवळ चुकीचेंच नव्हे, तर माणसांच्या जिवावर बेतणारें आहे, असें आम्ही स्पष्टपणें म्हणतों.

यांत अतिशयोक्ति आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं सरकारचेच आंकडे पाहावे. २०२३ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १ लक्ष ७२ हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांपैकीं ३५ हजारांहून अधिक पायीं चालणारीं होतीं. म्हणजे दर पांच मृतांत एक असा, कीं ज्याच्यापाशीं ना चाक होतें, ना इंजिन, ना दुसऱ्यास इजा करण्याजोगा वेग. सर्वोच्च न्यायालयानें १४ मे २०२५ रोजीं पदपथाचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचें सांगितलें, आणि त्याच वर्षीं ७ ऑक्टोबरच्या आदेशानें पादचाऱ्यांसंबंधीं नियम सहा महिन्यांत करण्यास राज्यांना फर्माविलें. न्यायालयानें आपलें काम केलें. परंतु अमक्या गांवच्या अमक्या रस्त्यावर क्रॉसिंग नेमकें कोठें असावें, हें दिल्लीहून सांगतां येत नाहीं. तें त्या रस्त्यावरून रोज जाणारासच ठाऊक असतें.

गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें नागरा हें गांव घ्या. तेथील प्राचीन शिवमंदिर पूर्व विदर्भांत प्रसिद्ध आहे. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. मुलूख धानाचा, गोंदिया शहर हाकेच्या अंतरावर, आणि रस्ता पुढें मध्य प्रदेशांत जाणारा. ट्रकवाल्याच्या लेखीं नागरा म्हणजे दोन शहरांच्या मधलें एक नांव. गांवकऱ्याच्या लेखीं तें घर, शेत, शाळा आणि देऊळ. अशा ठिकाणीं क्रॉसिंग कोठें हवें? मंदिराकडे वळणाऱ्या वाटेपाशीं, शाळेपाशीं, कीं ऑटो थांबतो तेथें? महाशिवरात्रीस जेथें गर्दी लोटते, तेंच ठिकाण रोवणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या बायांच्या सोयीचें असेल असें मुळींच नाहीं. हें कोणत्या मोजणीयंत्रास कळणार?

विचारण्याचें साधन नाहीं असें म्हणावें, तर तेंही खरें नव्हे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यांत ग्रामसभा आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें तिला घटनेंत स्थान मिळालें. नियमित ग्रामसभेच्या आधीं स्त्रियांची निराळी सभा भरवावी, असेंही कायदा सांगतो. गणपूर्तीसाठीं एकंदर मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसें पुरतात. परंतु तेवढींही जमत नाहींत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचें बंधन नसल्यामुळें मूठभर सह्यांवर साऱ्या गांवाचें मत ठरतें, हा प्रकार महाराष्ट्रास नवा नाहीं. त्यांतूनही ठराव झालाच, तरी गांवांतून जाणारा हमरस्ता पंचायतीच्या हातीं नसतो. ठरावाचा कागद वरच्या कचेरींत जातो, आणि तेथून उत्तर येईलच असा भरंवसा कोणी देत नाहीं.

मग गांव आपलें मत कोणत्या मार्गानें सांगतें? एखादें पोर चाकाखालीं गेलें म्हणजे रस्ता अडवून! दोन तास वाहनें खोळंबतात, अधिकारी धांवत येतात, आश्वासन देतात, आणि आठवड्याच्या आंत तेथें ओबडधोबड गतिरोधक उभा राहतो. लोकांचें ऐकण्याची हीच काय ती पद्धति आपण रूढ केली आहे, आणि एक प्रेत हें तिचें प्रवेशमूल्य आहे. जें मुकाट्यानें आधीं विचारल्यानें मिळालें असतें, तें आक्रोश झाल्यावर द्यावयाचें, आणि वर लोक बेशिस्त आहेत म्हणून बोटें मोडावयाचीं, हा कोठला न्याय?

आतां अभियंत्यांच्या शास्त्राकडे वळूं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेंत नियंत्रित क्रॉसिंगसाठीं एक कसोटी सांगितली होती. गर्दीच्या तासांत रस्ता ओलांडणारांची संख्या घ्यावी, तिला वाहनांच्या संख्येच्या वर्गानें गुणावें, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गुणाकार दहा कोटींच्या वर गेला तर क्रॉसिंगला आधार आहे असें समजावें. वाचकांनीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहावा. तासाला पांचशें वाहनें जात असतील, तर चारशें माणसांनीं तो रस्ता ओलांडला पाहिजे. वाहनें दोनशेंच असतील, तर अडीच हजार माणसें हवींत! कोणत्या वस्तीच्या रस्त्यावर अशी झुंबड उडते? दुसरी एक कसोटी अशी होती, कीं वर्षांत पांच वा अधिक पादचारी जखमी झाल्याची नोंद असावी. चौघे जखमी झाले असतील तर गांवानें पांचव्याची वाट पाहावी काय?

पुढें या मार्गदर्शिकेच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, हें आम्ही जाणतों. परंतु मोजणीवरच विसंबण्याची वृत्ति कचेऱ्यांतून गेलेली नाहीं, आणि आमचा आक्षेप त्या वृत्तीवर आहे. मोजणींत येतो तो जिवावर उदार होऊन रस्ता ओलांडणारा. जी म्हातारी भीतीनें देवळांत जाणेंच सोडून देते, ज्या मुलास आई रस्त्यापलीकडे खेळावयास पाठवीत नाहीं, जो आंधळा सोबतीवांचून घराबाहेर पडत नाहीं, त्यांची गणना कोण करणार? रस्ता जितका भयंकर, तितके तो ओलांडणारे कमी. आणि ओलांडणारे कमी, म्हणून क्रॉसिंगची गरज नाहीं! नदीवर पूल हवा कीं नको हें किती माणसें पोहून जातात त्यावरून ठरविण्यासारखेंच हें झालें. घरीं बसलेल्या माणसाचा हिशेब त्याला जाऊन विचारल्यावांचून लागत नाहीं.

शहरांत तरी विचारलें जातें ना, असें कोणी म्हणेल. तेथें ‘हरकती व सूचना’ या नांवाचा विधि आहे खरा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां सुमारें ८७ हजार हरकती आल्या. मुंबईचा आराखडा लोकांच्या ओरडीमुळें २०१५ सालीं फेरविचारासाठीं मागें घ्यावा लागला. यावरून लोकांना मत नसतें हा आरोप तर खोटा ठरतोच. पण वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत बारीक टाइपानें छापलेली सूचना वाचतो कोण? ज्याची जमीन जावयाची किंवा ज्याच्या दुकानापुढची गाडी उभी करण्याची जागा जावयाची, तो. त्याची हरकत वकिलाकडून टंकलिखित होऊन येते. धुणीभांडीं करण्यास चार घरें हिंडणाऱ्या बाईची हरकत कोणत्या कागदावर यावी? पुणें महापालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांसाठीं धोरण मंजूर केलें, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पायीं चालणारांस मोकळा करून ‘पादचारी दिन’ही साजरा केला. आम्ही त्याचें स्वागत करतों. परंतु वर्षांतला एक दिवस ज्याचा, त्याचे उरलेले तीनशें चौसष्ट कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

झेब्रा पट्ट्यांची जन्मभूमि जें इंग्लंड, तेथें १९५१ सालीं ते कायदेशीर होण्यापूर्वीं, १९४९ पासून, सुमारें हजार ठिकाणीं त्यांचा प्रयोग करून पाहिला होता. पुढें १९८४ च्या कायद्यानें, नवें क्रॉसिंग करण्याआधीं पोलिसांच्या मुख्य अधिकाऱ्याचा विचार घ्यावा आणि लोकांस जाहीर सूचना द्यावी, असें बंधन स्थानिक संस्थांवर घातलें. आधीं करून पाहणें आणि आधीं सांगणें, या दोन गोष्टींस मोठा खजिना लागत नाहीं.

आमची मागणी इतकीच आहे. विचारावयाचें तें कचेरींत नव्हे, रस्त्याच्या कडेला. आणि तेंही शाळा सुटण्याच्या व बाजार भरण्याच्या वेळीं. स्त्रियांच्या सभेपुढें हा विषय आवर्जून ठेवावा, आणि शाळेंतल्या मुलांना ‘तुला कोठें भीति वाटते?’ एवढेंच विचारावें. ठरलेल्या जागीं प्रथम आठ दिवस फक्की मारून पाहावी. जागा चुकली तर एका पावसांत चूक धुऊन जाईल. आणि मागणी नाकारावयाची असेल, तर तिचें कारण लेखी, मराठींत, चावडीवर लावावें. प्रत्येक जण आपल्या दारापुढें क्रॉसिंग मागेल, ही भीति व्यर्थ आहे. दहा जणांनीं दहा दारें सांगितलीं, तरी तीं सारीं कोणत्या वळणाभोंवतीं आहेत हें पाहिलें म्हणजे अभियंत्यास आपली जागा सांपडते. लोकांनीं धोका सांगावा, अभियंत्यानें उपाय सांगावा. यांत कोणाच्याही शास्त्राचा अपमान होत नाहीं.

शेवटीं दोन शब्द आमच्या वाचकांस. शुद्धलेखनाच्या एका अनुस्वारासाठीं आपण संपादकांस चार पानी पत्रें लिहितों. परंतु आपल्या गांवच्या ग्रामसभेंत किंवा प्रभागाच्या बैठकींत शेवटचे केव्हां बसलों होतों, हें कितीजणांस सांगतां येईल? घरांत मोटार आली म्हणजे रस्त्याचा प्रश्न सुटला, असें आपण मानतों. पण आपली आई देवळांत पायींच जाते, आपलें मूल शाळेच्या बसमधून उतरून पायींच घरीं येतें, आणि मोटार उभी करून आपणही अखेर पायींच चालूं लागतों. पट्टे रंगविले तर ते वर्षभरांत पुसले जातात, हें सर्वांस ठाऊक आहे. पण ते रंगविण्यापूर्वीं पायीं चालणाराला कोणी पुसलें होतें काय, हें विचारण्यास आपण आतां लागलें पाहिजे. येत्या ग्रामसभेची तारीख चावडीवर लागेल. ती वाचून त्या दिवशीं तेथें जाऊन बसावें, एवढें तरी आपल्या हातचें आहे.